आमच्या घरचें विमान

मनुष्याच्या हौसेला अंत नाहीं, असें आपण सारेच म्हणतों. परंतु खऱ्या हौसेला स्वतःची अशी एक शिस्त असते, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. ज्या हौसेंत शिस्त नाहीं ती चार महिन्यांत विटून जाते. आणि जिच्यांत ती आहे, ती हौस करणाऱ्याला तर घडवतेच, पण घरांतील इतर माणसांनाही आपल्या मागून चालावयास लावते. साताऱ्याच्या मंगळवार पेठेंतील आमच्या एकत्र कुटुंबांत जें एक विमान तयार झालें, त्याच्या निमित्तानें आम्हांस हें नव्यानें उमगलें. तें विमान कसें सजलें, कसें जुळलें, आणि ऐन उड्डाणाच्या दिवशीं तें कां उडालें नाहीं, ही हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें वाटतें.

विमान हा शब्द ऐकून कोणी दचकूं नये. पंखांच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत त्याची लांबी २.२ मीटर, म्हणजे सव्वासात फूट आहे. आणि टांकी रिकामी असतां वजन साडेसात किलो भरतें. नाकाशीं ५५ घनसेंटिमीटरचें, पेट्रोलवर चालणारें एक सिलिंडरचें इंजिन आहे. एके काळीं रस्तोरस्तीं दिसणाऱ्या लुना गाडीचें इंजिन साधारण एवढेंच असे. आंत बसणारा कोणी नाहीं. जमिनीवर उभा असलेला मनुष्य हातांतील बिनतारी पेटीच्या दोन दांड्या हलवून त्यास आकाशांत फिरवितो. मात्र एवढ्यावरून कोणी त्यास खेळणें समजेल तर तें चुकीचें होईल. नाकावरचें तेवीस इंची प्रोपेलर मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेतें. त्यांत बोट सांपडलें तर तें जागेवर राहावयाचें नाहीं. आणि वेगानें जाणारें आठ किलोंचें यंत्र कोणाच्या अंगावर आलें तर काय होईल, हें सांगावयास नकोच. म्हणून आमच्या घरांत त्यास खेळणें म्हणण्याची मुभा कोणासही नाहीं. धाकट्या मुलांनाही नाहीं.

अशा विमानांचा इतिहास कांहीं आजकालचा नव्हे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यांत कॅलामझू गांवीं वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे बंधु होते. एकास विमानांचा छंद, दुसऱ्यास बिनतारी यंत्रांचा. दोघांनीं आपापले छंद एकत्र करून १९३७ सालीं आठ फूट पंखांचें, पेट्रोल-इंजिनाचें विमान बिनतारी यंत्रानें उडविलें, आणि १९३८ सालीं डेट्रॉइट येथील राष्ट्रीय स्पर्धेंत तें नेलें. त्यांचें तें विमान पुढें स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेलें. आपल्याकडील गोष्टही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४० सालीं बंगलोरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. तिनें १९४१ सालीं सिद्ध केलेलें पहिलें विमान, हार्लो, हेंही अमेरिकेहून आलेल्या भागांची जुळणी करूनच तयार झालें होतें. सांगलीस १९४७ सालीं स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास पुढें याच वालचंदांचें नांव मिळालें. तयार भाग आणून जुळविणें म्हणजे कमी प्रतीचें काम, असें ज्यांस वाटतें त्यांनीं या पहिल्या विमानाचें स्मरण करावें. जुळणी ही स्वतंत्र विद्या आहे, आणि ती सोपी तर मुळींच नाहीं.

आतां आमच्या घराकडे वळूं. आमचे ज्येष्ठ बंधु, ज्यांस घरांत लहानथोर सारे दादा म्हणतात, हे गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या हाताखालून गेलेलीं कित्येक मुलें अभियंते झालीं. त्यांचा स्वतःचा मुलगा मात्र अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेंत दोनदां मागें पडला. तिसऱ्यांदा बसण्यास त्यानें नम्रपणें नकार दिला आणि सांगलीस आपल्या मामांकडे निघून गेला. मामांचा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत लहानसा यंत्रशाळेचा धंदा आहे. तेथें तो पंपांचीं व फवारणीयंत्रांचीं इंजिनें दुरुस्त करूं लागला. घरांत भांडण असें कधीं झालें नाहीं. परंतु पितापुत्रांचें बोलणें "जेवलास कां" आणि "हो बाबा" एवढ्यावरच येऊन थांबलें होतें. अशा अबोल्याचा भार एकत्र कुटुंबांत सर्वांच्याच अंगावर पडतो, हें ज्यांनीं तो पाहिला आहे त्यांस ठाऊक असेल. वहिनी पानें वाढतांना एकदां इकडे पाहात, एकदां तिकडे.

दोन वर्षें तो फोमच्या लहान, विजेवर चालणाऱ्या विमानांवर हात बसवीत होता. पुढें त्यानें साठविलेल्या पैशांतून या मोठ्या विमानाचा सांगाडा, इंजिन व इतर साहित्य मागविलें. सर्व मिळून खर्च दीड लाखाच्या घरांत गेला. कुपवाडला जागा अपुरी, म्हणून खोके साताऱ्यास आले. दादांनीं एकदांच चष्म्यावरून पाहून म्हटलें, "दीड लाखांत दुचाकी आली असती, आणि ती रस्त्यावर तरी चालली असती." मुलानें उत्तर दिलें नाहीं. शनिवारीं रात्रीं एस. टी.नें यावें, रविवारचा दिवस ओटीवर जुळणी करावी, आणि सोमवारीं पहाटेच्या गाडीनें परत जावें, असा त्याचा क्रम सुरू झाला. तो पुढें आठ महिने चालला.

या कामांत आम्हांस जें पाहावयास मिळालें तें थोडें विस्तारानें सांगतों. सांगाडा बाल्सा नांवाच्या अति हलक्या लांकडाचा व प्लायवूडचा असून त्यावर रंगीत पातळ कापडासारखा पापुद्रा गरम इस्त्रीनें बसविलेला असतो. तो कारखान्यांतून बांधूनच येतो. परंतु कारखान्यांतून आलेल्या सांध्यावर विश्वास ठेवावयाचा नाहीं, हा मुलाचा पहिला नियम होता. इंजिन ज्या फळीवर बसतें तिला फायरवॉल म्हणतात. सारा धक्का व सारी ओढ तीच सोसते. त्यानें ती बोटांनीं ठोकून ऐकली, आंतल्या कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या बसविल्या, आणि हळू वाळणाऱ्या एपॉक्सीनें सांधे पुन्हा भरून घेतले. मामांनीं त्यास मिरजेच्या सतारमेकर गल्लींत नेऊन तंबोऱ्याचे भोपळे व लांकूड कसें जोडतात तें दाखविलें होतें. सांधा दिसतां कामा नये आणि सुटतांही कामा नये, ही तेथली रीत त्याच्या मनांत पक्की बसली होती.

इंजिन सरळ बसवीत नाहींत. तें किंचित् उजवीकडे कललेलें ठेवतात. कारण फिरणाऱ्या प्रोपेलरच्या योगानें विमानाचें नाक डावीकडे जाऊं पाहतें, त्याचा तोल असा राखावा लागतो. चार बोल्टांच्या आट्यांना लॉकटाईट लावून ते कसले. एका सिलिंडरच्या इंजिनाचा हादरा असा विलक्षण असतो कीं, नुसता आवळलेला बोल्ट दोन तासांत आपोआप फिरूं लागतो.

इंधनाचें प्रकरण आम्हांस सर्वांत मनोरंजक वाटलें. हें इंजिन दोन फेऱ्यांचें, म्हणजे टू-स्ट्रोक; त्यास निराळें ऑईल नसतें, पेट्रोलांतच तीस भागांस एक भाग मिसळावें लागतें. एके रविवारीं तें मिश्रण चालूं असतां दादा ओटीवरून जात होते. वास येतांच ते थबकले. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यांत तयार झालेली 'प्रिया' त्यांनीं वीस वर्षें चालविलेली. "प्लग काढून बघत जा," ते म्हणाले, "काळा चिकट झाला तर ऑईल जास्त होतें आहे, तपकिरी असला तर ठीक." मुलानें मान वर करून "हो बाबा" म्हटलें. तेच दोन शब्द. पण या खेपेस ते निराळे वाजले, असें आम्हांस वाटलें.

टांकीला तीन नळ्या असतात. एकीनें इंधन भरावयाचें, दुसरीनें हवा आंत घ्यावयाची, आणि तिसरी टांकीच्या आंत लोंबती असून तिच्या टोंकास वजन असतें, म्हणजे विमान कसेंही कललें तरी तें टोंक इंधनांतच राहतें. या नळ्या पेट्रोल सोसणाऱ्याच लागतात. ग्लो नांवाच्या लहान इंजिनांस मद्यार्काचें इंधन लागतें, त्यांच्या सिलिकॉनच्या नळ्या पेट्रोलांत फुगून निकामी होतात. पेट्रोलाचीही आतां एक नवी गोष्ट झाली आहे. २०२५ पासून आपल्या देशांत पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल येऊं लागलें, आणि त्यांतलें पुष्कळसें आमच्याच कृष्णाकाठच्या उसासारख्या पिकापासून निघतें. शेतकऱ्यास त्याचा आधार आहे, हें खरें. परंतु इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि फार दिवस पडून राहिलें तर कार्बुरेटरांतील पातळ पडदे व रबर बिघडवितें. म्हणून मिश्रण लागेल तेवढेंच करावयाचें, आणि दिवस संपला कीं टांकी रिकामी करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावयाचें, असा दंडक त्यानें घालून घेतला.

इंजिन ही विमानाची ताकद. पण विमान चालतें तें सर्व्होंच्या जोरावर. सर्व्हो म्हणजे काड्यापेटीहून किंचित् मोठी पेटी. तिच्यांत विजेची मोटर, दांत्यांचीं चक्रें व एक लहान दांडी असते, आणि बिनतारी आज्ञेप्रमाणें ती दांडी नेमकी तेवढीच वळते. या विमानांत असे सात सर्व्हो आहेत: पंखांच्या मागील पट्ट्यांसाठीं दोन, शेपटीच्या आडव्या पट्ट्यांसाठीं दोन, सुकाणूस एक, इंजिनाच्या वेगास एक आणि चोकसाठीं एक. पट्ट्यांचे व सुकाणूचे सर्व्हो असे निवडले कीं, एक सेंटिमीटर लांबीच्या दांडीच्या टोंकाशीं वीस किलोंचा जोर तोलून धरावा. एवढा जोर कशास, असें आम्हीं विचारलें. त्यानें पट्टी हातांत देऊन बिजागरी हलवून पाहण्यास सांगितलें. थोडी जरी ढिलाई राहिली तरी वेगांत ती पट्टी फडफडूं लागते, आणि एकदां फडफड सुरू झाली कीं क्षणार्धांत मोडते.

वीज पुरविण्यासाठीं तीन बॅटऱ्या. त्यांतल्या दोन आज्ञा ऐकणाऱ्या रिसीव्हरसाठीं, प्रत्येकीचें बटण निराळें. एकीनें दगा दिला तरी दुसरीनें काम भागवावें. तिसरी केवळ इंजिनाच्या ठिणगीसाठीं. ठिणगीचें यंत्र व रिसीव्हर यांच्यांत निदान एक फूट अंतर ठेवावयाचें, आणि त्यांच्या तारा एकमेकींस लागूं द्यावयाच्या नाहींत. कारण ठिणगी ही स्वतःच एक ओबडधोबड बिनतारी यंत्र आहे. तिच्या गोंगाटांत रिसीव्हरला खरी आज्ञा ऐकूं न येण्याचा संभव असतो. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचेंच काम पडणार आहे. संदेश तुटलाच तर इंजिन आपोआप मंद व्हावें, अशी सोयही पेटींत करून ठेवावी लागते.

शेवटीं गुरुत्वमध्य साधावयाचा. पंखाच्या खालीं ठराविक खुणेवर दोन बोटें लावून विमान उचललें असतां तें सपाट राहिलें पाहिजे. आमचें विमान मागें झुकूं लागलें. नाकांत शिशाचें वजन टाकण्याऐवजीं त्यानें बॅटऱ्याच पुढें सरकविल्या. हवेंत न्यावयाचें वजन फुकट वाढवूं नये, हा त्यांतला विचार. आमच्या मातोश्री जपमाळ घेऊन हें पाहात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कावडीचें असेंच असतें रे. एकीकडची घागर जड झाली कीं चालणारा आडवा." मुलगा हंसून म्हणाला, "आजी, हें पुस्तकांत चार पानें आहे." वहिनींनीं जुन्या गोधड्या उसवून पंखांस दोन पिशव्या शिवल्या. सुताच्या टांक्यांनीं शिवलेल्या त्या पिशव्यांत तें परदेशी विमान फार शोभे.

आतां तें उडवावयाचें कोठें हा प्रश्न. साताऱ्यास अजिंक्यतारा एका अंगास, यवतेश्वरचा डोंगर दुसऱ्या अंगास. वारा कधीं कोठून येईल याचा नेम नाहीं. कासच्या पठाराचें नांव कोणीं काढलेंही नाहीं. तें जागतिक वारसा-यादींतील राखलेलें पठार आहे. शिवाय कायदा आहे. २०२१ च्या ड्रोन नियमावलींत शिक्षण, संशोधन अथवा करमणूक यांसाठीं डोळ्यांच्या टप्प्यांत उडविलेल्या, २५ किलोंपर्यंतच्या विमान-प्रतिकृतींचा स्वतंत्र वर्ग केलेला आहे. तींतच आकाशाचे हिरवा, पिवळा व लाल असे विभाग असून हिरव्या विभागांत साधारणपणें ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. विमानतळ अथवा लष्करी ठाणें जवळ असेल तर ही मोकळीक राहात नाहीं. नकाशा पाहून, जमीनमालकाची परवानगी घेऊन, मामांनीं मिरजेच्या पूर्वेकडील एक उघडा माळ ठरविला.

मार्गशीर्षांतील एका रविवारीं आम्ही सारे पहाटे निघालों. कऱ्हाड, पेठ, आष्टा करीत सांगली, आणि तेथून मामांना घेऊन माळावर. दादा येतील असें कोणास वाटलें नव्हतें. ते न बोलतां गाडींत येऊन बसले. वहिनींनीं कंदी पेढ्यांचा पुडा बरोबर घेतला होता. माळावर पोंचलों तों बातमी आधींच पोंचलेली. पन्नासएक माणसें जमलीं होतीं. शाळेचीं पोरें, शेजारचे शेतकरी, कांहीं सांगलीचे हौशी लोक. अर्ध्या मैलावर ऊसतोड मंडळींच्या कोप्या होत्या. तेथूनही बायका पोरें काखेस घेऊन पाहावयास आल्या होत्या. मुलानें दोर लावून सर्वांना मागें उभें केलें, पंख जोडले, बॅटऱ्या मोजल्या, आणि परीक्षा सुरू केली.

या परीक्षेंत बिनतारी पेटीची शक्ति मुद्दाम क्षीण करून तीस पावलें दूर जावयाचें व सर्व पट्ट्या नीट हलतात कीं नाहींत तें पाहावयाचें. इंजिन बंद असतां सारें ठीक निघालें. मग मामांनीं शेपूट धरलें, मुलानें हातमोजा घालून प्रोपेलरला झटका दिला, आणि चौथ्या झटक्यास इंजिन गर्जूं लागलें. पोरांनीं टाळ्या पिटल्या. तो पुन्हा पावलें मोजीत दूर गेला. बाराव्या पावलावर शेपटीची पट्टी थरथरली. कोणी आज्ञा न देतां. तो थांबला, परत आला, पुन्हा गेला. तीनदां तसेंच झालें. त्यानें इंजिन बंद केलें.

त्या क्षणींची शांतता आम्ही विसरणार नाहीं. तो आमच्याकडे येऊन हळू आवाजांत म्हणाला, "काका, आज उडवायचें नाहीं." लोकांत चुळबूळ सुरू झाली. कोणी म्हणालें, लांब नेऊं नका, इथेंच एक चक्कर मारा. कोणी म्हणालें, एवढ्या लांबून आलां आहां, आतां कसली भीति? एका अनुभवी गृहस्थांनींही सांगितलें कीं, पूर्ण शक्ति दिल्यावर असली थरथर पुष्कळदां जाणवतही नाहीं. कदाचित् तें खरेंही ठरलें असतें. परंतु समोर त्या कोप्या होत्या. मुलाचा चेहरा उतरला होता. त्याच्या मागें वडील उभे होते, आणि त्या वडिलांनीं त्याचें काम पाहावयास येण्याची ही पहिलीच वेळ होती. दोन परीक्षांचें अपयश पदरीं असलेल्या मुलास तिसरें अपयश पन्नास लोकांसमक्ष स्वीकारणें किती जड गेलें असेल! तरी त्यानें एक शब्दही न बोलतां बॅटऱ्यांच्या तारा सोडविल्या.

दादा पुढें आले. आतां ते काय म्हणतात, या विचारानें आम्हीं श्वास रोखला. त्यांनीं वांकून डावा पंख दोन्ही हातांनीं धरला आणि म्हणाले, "हा मी धरतों. तूं बोल्ट सोड." एवढेंच. वहिनींनीं पेढ्यांचा पुडा सोडून जमलेल्या पोरांना वाटून टाकला. विमान उडालें नाहीं तरी पेढे गोडच होते, असें पोरांच्या तोंडावरून दिसलें.

कारण शोधण्यास दोन रविवार गेले. ठिणगीच्या तारेवर गोंगाट आंतच कोंडून ठेवण्यासाठीं धातूची जाळी विणलेली असते. ती फायरवॉलच्या भोंकाच्या कडेस घांसून थोडी उसवली होती. शिवाय प्लगवरची टोपी हादऱ्यानें केंसभर वर आली होती. बाहेरून पाहतां दोहोंपैकीं कांहींच दिसत नव्हतें. नवी तार, भोंकास रबरी कडें, टोपीस घट्ट स्प्रिंग, आणि तारेचा मार्गच बदलून दुसऱ्या बाजूनें. एवढी दुरुस्ती झाली. दादांनीं फळ्यावर लिहावें तशा सुंदर अक्षरांत एकतीस कलमांची तपासयादी लिहून दिली. कोणतें कलम कोणत्या कलमाच्या आधीं यावें, यावर पितापुत्रांचा चांगला तासभर वाद झाला. स्वयंपाकघरांत वहिनी तो वाद कान देऊन ऐकत होत्या. पोळी करपली तरी त्यांस भान नव्हतें.

माघांत, वारा पडलेल्या एका सकाळीं, त्याच माळावर विमान उडालें. त्या दिवशीं आम्हीं कोणास कळविलें नव्हतें. एकतीस कलमें दादांनीं मोठ्यानें वाचलीं आणि मुलानें एकेकास "झालें" म्हटलें. तीस पावलांवर इंजिन चालूं असतां एकही पट्टी थरथरली नाहीं. मग सुमारें चाळीस पावलें धावून विमान जमीन सोडतें झालें, आणि सात मिनिटें माळावर फिरून परत उतरलें. नियमाप्रमाणें उडविणाऱ्याच्या शेजारीं आकाशावर व माळावर नजर ठेवणारा एक सोबती लागतो, कारण उडविणाऱ्यानें विमानावरून दृष्टि काढावयाची नसते. ती जागा दादांनीं घेतली होती. उतरल्यावर दोघेही विमानाविषयीं नव्हे, तर प्लगच्या रंगाविषयीं बोलूं लागले.

आज आकाशांत जीं ड्रोन-यंत्रें दिसतात, शेतांत औषध फवारतात, लग्नांत चित्रें टिपतात, त्यांतलीं बहुतेक स्वतःचा तोल स्वतः राखतात. हात सोडला तरी तीं जागच्या जागीं थांबतात. या विमानांत तसलें कांहीं नाहीं. त्याच्या पोटांत बसून चूक सांवरणारा वैमानिक नाहीं, आणि सांवरणारें यंत्रही नाहीं. त्यामुळें त्याचें सारें शहाणपण जमिनीवरच, जुळणीच्या वेळींच, त्याच्यांत भरून ठेवावें लागतें. मेनार्ड हिल या अमेरिकन गृहस्थांनीं केलेलें पांच किलोंहूनही हलकें विमान ९ ऑगस्ट २००३ रोजीं न्यूफाउंडलंडहून सुटलें आणि ३८ तास ५२ मिनिटांनीं आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलें. त्यापूर्वींचे त्यांचे प्रयत्न फसले होते, आणि वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षीं त्यांची दृष्टि जवळजवळ गेलेली होती. समुद्रावरच्या त्या प्रवासांत विमानास हात लावणें कोणाच्याच स्वाधीन नव्हतें; जें काय करावयाचें तें निघण्यापूर्वींच केलेलें होतें.

ज्या घरांतील मुलास अशी हौस असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांस दोन शब्द सांगावेसे वाटतात. आरंभ लहान, हलक्या विमानानें करूं द्यावा, महाविद्यालयांतील एन. सी. सी.च्या हवाई शाखेंत विमान-प्रतिकृतींचें शिक्षण मिळतें, त्याचा लाभ घ्यावा. पेट्रोलचें इंजिन त्यास एकट्यास कधींही सुरू करूं देऊं नये. शेपूट धरावयास दुसरा मनुष्य हवाच, आणि प्रोपेलरच्या रेषेंत कोणी उभें राहूं नये. खर्च त्यानें स्वतः मिळविलेल्या पैशांतून केला तर तो प्रत्येक बोल्ट दोनदां पाहील. आणि उड्डाण पाहावयास जाणार असाल तर एक गोष्ट मनाशीं ठरवून जावी: मुलगा माळावर उभा राहून "आज नको" म्हणाला, तर त्याच्या पाठीशीं उभें राहावें. तें म्हणण्याचें धैर्य त्यास कोणत्या परीक्षेंत किती गुण मिळवून देईल हें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु मिरजेच्या माळावरील त्या कोप्यांत त्या रविवारीं सायंकाळीं नेहमींप्रमाणें चुली पेटल्या, एवढें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.